अज्जीच्या ओव्यांचं नवं घर

आपल्या दुभाषी घरांतला ठेवा बहुधा लिहिलेला नसतो, तो आवाजात असतो. आमच्या सासूबाईंची आई, म्हणजे अज्जी, दळताना गायची. कधी कन्नडमधली ‘बीसुकल्लिन पद’, कधी मराठी ओव्या. त्या कॅसेटी आणि घरातल्या तीन लग्नांचे व्हिडिओ माझ्या नणंदेनं बुऱ्हाणपूरला संगणकावर उतरवून घेतले. मूळ फितींना बुरशी लागली, त्यामुळे आता तिच्याकडे आहे तेच मूळ.

फोटो गूगल फोटोजवर होते. १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि १५ जीबीत आमचं गोतावळ्याचं घर मावेना. मग घरातच सर्व्हर ठेवायचं ठरलं.

भाचा म्हणाला, “मामी, जुना डेस्कटॉप पडलाय, तोच लावू की!” मी विजेचा हिशेब मांडला. तो ७० वॅट खात असेल, तर चोवीस तास चालू ठेवल्यावर महिन्याला सुमारे ५० युनिट. दोन डिस्कचा तयार छोटा डबा २० वॅटचा धरला तर १५ च्या आतच. शिवाय जुन्या पंख्याची घरघर रात्रभर कोण ऐकणार? डबाच घेतला, सोबत यूपीएसही. लिहिणं चालू असताना लाइट गेली तर फायली बिघडतात. यूपीएसची वायर डब्याला जोडली की बॅटरी संपण्याआधी तो आपणहून नीट बंद होतो. फोटोंसाठी इमिच, गाणी-व्हिडिओंसाठी जेलीफिन. दोन्ही फुकट, आणि घरच्या टीव्हीवर पाहायला इंटरनेटही लागत नाही.

खरा वाद पुढेच झाला. दोन्ही डिस्कवर सारखंच लिहिलं जातं, मग बॅकअप झालाच की, असं नणंदेचं म्हणणं. नाही हो! एक डिस्क मेली तर दुसरी वाचवते, हे खरं. पण कुणी चुकून फोल्डर पुसलं की ते दोन्हीकडून त्याच क्षणी जातं. चोरी झाली किंवा वीज पडली तर डबाच गेला. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतान राजा अली खानाच्या काळातला अरबी लेख आहे आणि संस्कृतही. भाषा दोन, पण इमारत एकच! मी हे म्हटल्यावर भाच्याला पटलं.

म्हणून तिसरी प्रत आमच्या बेळगावच्या घरी. ६०० जीबी माल २० एमबीपीएसनं चढवायला जवळजवळ तीन दिवस लागले असते. त्यापेक्षा मी डिस्कच पिशवीत घालून आणली, अर्थात कुलूपबंद करून. तिचा पासवर्ड दोन्ही घरांच्या कपाटांत कागदावर लिहिलेला आहे. नवी भर आता टेलस्केलमार्फत रात्री आपोआप येते. घरगुती जोडणीला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, तेव्हा अशी युक्ती लागतेच.

फोल्डरला नावं कन्नडमध्ये की मराठीत, यावर दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी आधी वर्ष, मग महिना आकड्यांत, आणि पुढे ज्याला जी लिपी येते ती.

दर दिवाळीला बेळगावच्या प्रतीतून एखादी ओवी काढून प्रत्यक्ष वाजवून पाहायची, असं ठरलंय. डिस्क घेतल्याची तारीख मी डब्यावर चिकटवली आहे, पाचव्या वर्षी ती बदलायची.