सर्व्हर केवढा घेऊ, बॉस?

मंडळी, ऑफिसच्या नेटवर्कवर नेमकं काय काय जोडलंय हे शोधणारं 'डिस्कव्हरी टूल' घ्यायचं ठरतं आणि गाडी एका प्रश्नावर अडते. सर्व्हर केवढा? कुणीतरी विचारतं, '1000 माणसं ना? मग 16 कोअर, 64 जीबी रॅम, काढा पीओ!' आणि डिस्क? स्वस्तात मिळेल ती. इथेच गोची होते. कारण एकदा पीओ गेली की पुन्हा पैसे मागायला फायनान्सच्या केबिनमध्ये तुम्हालाच जायचंय, बॉसला नाही.

बरीच टूल्स दोन कामं करतात. डिस्कव्हरी ही जनगणना, मॉनिटरिंग ही हजेरी.

जनगणनेत टूल दारोदार फिरतं. 10.20 ने सुरू होणाऱ्या रेंजमध्ये 65,536 पत्ते, त्यातले बहुतेक रिकामे. प्रत्येक दारावर टकटक करून 2 सेकंद थांबायचं, तर एकेक करत 36 तास! एका वेळी 200 दारं वाजवली की 11 मिनिटं. प्रोसेसर यात बहुतेक वेळ नुसता वाट बघत असतो. (फार जोरात टकटक केलीत तर फायरवॉल बोंबलतो, आणि 9100 पोर्टवर भलतंच काही पाठवलं तर प्रिंटर अगम्य अक्षरांची पानंच्या पानं छापत सुटतो. तुमच्या अ‍ॅडमिनला विचारा, हसून सांगेल.)

खरा भार हजेरीचा. समजा, चार-पाच इमारतींच्या कॅम्पसमध्ये 48 पोर्टचे 100 स्विच आहेत. म्हणजे 4,800 पोर्ट. प्रत्येकाचे आत-बाहेर असे दोन आकडे, म्हणजे 9,600. दर 5 मिनिटांनी नोंदवले तर सेकंदाला 32 नोंदी. ठीक. पण मीटिंगमध्ये कुणीतरी साहेब म्हणतात, 'दर मिनिटाला हवं!' झालं, सेकंदाला 160. दिवसाला 1 कोटी 38 लाख.

आता 7,200 आरपीएमची साधी हार्ड डिस्क इकडेतिकडे विखुरलेलं लिखाण सेकंदाला साधारण 75 ते 100 वेळाच झेपवते. चांगली टूल्स नोंदी साठवून एकगठ्ठा लिहितात, म्हणून निभावतं. पण तुमचं टूल तसं लिहितं का, हे डेमोला आलेल्या सेल्सवाल्याला विचाराच. लिहीत नसेल तर रॅम कितीही टाका, स्क्रीन गोल गोल फिरत राहणार. माझं मत विचाराल तर चार कोअर कमी घ्या, पण डेटाबेस एसएसडीवरच ठेवा. व्हर्च्युअल मशीन मिळणार असेल तर त्याच डिस्कवर आणखी कोण कोण बसलंय तेही बघा. शेजारी पगाराचं सॉफ्टवेअर असेल तर महिनाअखेरीला दोघांचीही वाट!

आणि अंदाज कागदावर कशाला? ट्रायल व्हर्जन फक्त 10 स्विचवर लावा, आठवडाभर चालू द्या. डेटाबेस सोमवारी केवढा होता आणि पुढच्या सोमवारी केवढा झाला, तो फरक लिहून घ्या. त्याला 10 ने गुणा, मग 52 ने. वर्षभराची डिस्क किती लागेल ते समोर येईल. पीओवर तो आकडा टाका.