पहिली बंदूक

दिवाळीत मुलाच्या हाती पहिली बंदूक येते ती टिकल्यांची. तिच्या दोन जाती आपण सर्वांनी पाहिलेल्या आहेत. एकीत लाल टिकली चिमटीने ठेवायची, चाप ओढायचा, आणि पुन्हा डबीत बोटे घालायची. दुसरीत कागदी रोल बसवायचा. चाप ओढला की टिकली वाजते आणि पुढची आपोआप वर सरकते. गल्लीत दुसऱ्या जातीचा रुबाब मोठा आणि तिचे टिकल्यांचे बजेटही मोठे!

अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे तत्त्वतः ही रोलचीच बंदूक. बार उडाला की त्याच्या वायूच्या किंवा धक्क्याच्या जोरावर रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी येऊन बसते. चाप मात्र प्रत्येक गोळीला नव्याने ओढावा लागतो, म्हणून ती ‘अर्ध’. १९६२ च्या चीन युद्धानंतर आपल्या सैन्यात आलेली ७.६२ मिलिमीटरची रायफल याच जातीची होती. तोपर्यंत जवानाला प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे-पुढे करावा लागे.

वाचक म्हणतील, मराठीच्या मास्तराला ही नसती उठाठेव कशाला? तर त्याला कारण आमचे शेजारी. ते हायस्कुलात शिक्षक आहेत. त्यांचा मुलगा अकरावीत, आणि १ ऑगस्ट २०२४ पासून त्याच्या डोक्यात एकच वेड. त्या दिवशी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्य आणले, त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्रात यायला ७२ वर्षे लागली. मुलगा वेडा झाला यात नवल ते काय? पण त्याने वडिलांपुढे मागणी ठेवली ती थेट अर्धस्वयंचलित रायफलीची. “शिकारही करता येईल आणि नेमबाजीही,” असे त्याचे म्हणणे. गुरुजी बिचारे मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली पावती मोडायला निघाले होते. जाता जाता आमच्याकडे डोकावले आणि म्हणाले, “सर, कुठली घ्यावी तेवढं सांगा.”

आमची देवणी बैलांसाठी प्रसिद्ध. वानेरा, बालांक्या, शेवरा अशा देवणी जनावराच्या तीन जाती इथल्या पोरासोरांनाही रंगावरून ओळखता येतात. पण बैल घ्यायला आलेला जाणता माणूस आधी रंग पाहत नाही. दावणीला काम कोणते आहे ते पाहतो. बंदुकीचेही तसेच. कुठली घ्यावी हा प्रश्न दुसरा, कशासाठी हा पहिला. मुलाने कामे दोन सांगितली होती. तेव्हा ती एकेक करून पाहू.

पहिले काम शिकार. या कामाचा निकाल केव्हाच लागला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा धंदा बंद केला. काळवीट मारल्यास किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद आहे. पिकाची नासधूस करणारे रानडुक्कर आपल्याच शेतात शिरले, तरी वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. आणि ‘छर्ऱ्याची आहे, पाखरंच तर मारायची’ ही सबबही चालत नाही. व्यंकटेश माडगूळकरांसारखा तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडलेला लेखक पुढे वानरांचे जग न्याहाळीत बसला आणि त्यातून ‘सत्तांतर’ निपजले. रानात जायचे असेल तर दुर्बीण घेऊन जावे. तिला परवाना लागत नाही.

योगायोग असा की, कुसाळे ज्या कांबळवाडीचे, ती राधानगरी तालुक्यात आहे. त्या भागातले रान एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान होते. १९५८ पासून तिथे गव्यांचे अभयारण्य आहे. जिथे जनावरावर नेम धरला जाई, त्याच तालुक्यातल्या मुलाने कागदावरच्या ठिपक्यावर नेम धरला आणि देशाला पदक दिले. बंदुकीचा चांगला उपयोग कोणता, याचे उत्तर त्या तालुक्याने देऊन टाकले आहे.

आता दुसरे काम, नेमबाजी. इथे मुलाच्या हट्टाची खरी गंमत आहे. ऑलिंपिकमधल्या रायफलीच्या स्पर्धांत अर्धस्वयंचलित रायफल चालतच नाही. १० मीटरची एअर रायफल असो की ५० मीटरची पॉइंट टू-टू, गोळी एका वेळी एकच भरायची, हाताने भरायची. म्हणजे टिकल्यांची ती पहिली, गरीब बंदूक! १० मीटरवर छर्रा असतो साडेचार मिलिमीटरचा, आणि ज्याला दहा गुण तो मधला ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. पेन्सिलीचे टोक टेकवावे एवढा. असे साठ छर्रे सव्वा तासात मारायचे. घाईला तिथे वावच नाही. पॅरिसला अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून मारायच्या गोळ्या संपल्या, तेव्हा कुसाळे पदकाच्या जागेवर नव्हते. नंतर पालथे पडून आणि मग उभे राहून ते एकेका गोळीने वर सरकले आणि ४५१.४ गुणांवर तिसरे आले.

तिसरी बाब कायद्याची. आपल्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत अर्धस्वयंचलित बंदुका, पिस्तुलांसारखे अपवाद सोडले तर, निषिद्ध शस्त्रांत मोडतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, ते दिल्लीच्या हातात. साध्या परवान्यालाही वयाची २१ वर्षे पुरी व्हावी लागतात. उलट २०१६ च्या नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. म्हणजे मुलाला जी हवी होती ती मिळणार नाही, मिळाली तर उपयोगाची नाही, आणि जी उपयोगाची तिला कचेरीचे उंबरे झिजवायला नकोत. एवढा सरळ हिशेब आयुष्यात फार थोड्या वेळा जमतो!

मग एअर रायफल तरी कुठली? आमचे उत्तर : पहिले सहा महिने कुठलीच नाही. वाल्थर, फाइनवेर्कबाउ ही जर्मन नावे मुलांना पाठ असतात. त्यांच्या किमती लाखाच्या पलीकडे जातात. आधी शिकवणाऱ्याकडची रायफल हाती घ्यावी. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत चौकशी करावी. शालेय स्पर्धांत हा खेळ आहे. कॉलेजात एनसीसी असेल तर नाव घालावे. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये एअर रायफलीची अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत एनसीसीतूनच पुढे आल्या. शिवाय घरी किंवा शाळेत मोकळी जागा हवी ती फक्त १० मीटर, आणि ठिपक्यामागे भक्कम आड हवी.

सहा महिन्यांनी हौस टिकली तर घ्यावी. घेताना दस्ता खांद्याला बसतो का, मान न वाकवता डोळा नेमावर येतो का, मुलाला वजन पेलते का आणि चाप हलका व दर वेळी सारखा ओढला जातो का, हे पाहावे. चमक पाहू नये. स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. पोराचा हात थरथरत असेल तर हलकी बरी. आणि घरात आणण्याआधी तीन नियम घरच्या सर्वांनी पाठ करावेत. बंदूक नेहमी भरलेलीच समजावी. माणसाकडे तोंड कधी करू नये, थट्टेतही नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये. छर्ऱ्याने डोळा जातो, आणि तो परत येत नाही. सराव झाला की हात धुवावेत, छर्रे शिशाचे असतात.

हे सारे आम्ही गुरुजींना सांगितले. मुलगा हिरमुसला. त्याला वाटले, मोठी माणसे नेहमीसारखी मोडता घालताहेत. पण त्याचे आजोबा ओसरीवर बसून ऐकत होते. वय अठ्ठ्याहत्तर. कायदा होण्यापूर्वी, विशी-बाविशीत, त्यांनी मांजराकाठी ठासणीची बंदूक चालवलेली. दारू ठासा, गोळी ठासा, मग बार. तोवर जनावर दुसऱ्या शिवारात. ते म्हणाले, “सर, दुसरी गोळी हाय म्हणलं की पहिलीवर ध्यान राहत नसतंय बघा.”

आम्ही वर्षानुवर्षे वर्गात ‘एकबाणी’ या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहीत आलो आहोत. यंदा तो म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकला. आजच्या मुलाच्या हाती सगळे रोलच्या बंदुकीसारखे आहे : एक परीक्षा हुकली तर दुसरी, एक चित्र आवडले नाही तर बोटाने सरकवून पुढचे. पुढचे आहेच, या भरवशावर आताचे वाया जाते. पोराला एका जागी, एका श्वासात, एकाच छर्ऱ्याशी उभे राहायला शिकवणारा खेळ मिळत असेल, तर पदक नाही आले तरी आईबापांचे पैसे वसूल झाले म्हणायचे.

पावती मोडली गेली नाही. मुलगा आता दर रविवारी लातूरला एका शिक्षकांकडे जातो, त्यांच्याच रायफलीने शिकतो. मागच्या महिन्यात त्याने पहिला कागद घरी आणला. दहा छर्ऱ्यांतले सात काळ्या गोलाच्या बाहेर! आई म्हणाली, “बरंय की.” वडील काहीच बोलले नाहीत. आजोबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, कागद उजेडाकडे धरला आणि विचारले, “ह्यातली पहिली कोणची?”