तिकिटे काढली आहेत, सांगू का?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या ताईकडे दहा दिवसांचा गणपती असतो. एकादशीची सकाळ, आरतीला सगळे खोळंबलेले, आणि आमची भाची मात्र आठच्या ठोक्याला फोनवर बोटे आपटीत बसलेली! रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडे; १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी उघडते. काशीच्या गाडीत पहिल्या काही मिनिटांत जागा मिळाली तर मिळाली. मिळाली! चार तिकिटे. भाचीने फोन देवापुढे ठेवला आणि मग आरती सुरू झाली.

हे सारे कुणासाठी, तर भाचीच्या आजीसाठी. म्हणजे ताईच्या सासूबाई. वय वर्षे ८२. त्रिपुरी पौर्णिमेला काशीच्या घाटांवर दिवे लागतात, ते एकदा डोळ्यांनी पाहायचे, एवढीच त्यांची इच्छा. ताईच्या यजमानांचे गुडघे धरलेले, ताईला हिंदी म्हटले की घाम फुटतो. तेव्हा सगळी भिस्त भाचीवर.

आणि नवरात्रात भाचीला एका नव्या कंपनीतून मुलाखतीचे बोलावणे आले. पगार जवळजवळ दीडपट, कचेरी घरापासून दोन स्टेशनांवर. फोनवरच त्यांनी सांगितले, की निवड झाली तर भाऊबीज होताच रुजू व्हावे लागेल. भाऊबीज ते पौर्णिमा यांत अंतर किती, हे पंचांग न उघडताही तुम्हांला सांगता येईल. तेरा दिवस!

झाले. ताईच्या स्वयंपाकघरात खलबत सुरू झाले.

"मामा, तू सांग," भाची म्हणाली. "मुलाखतीत बोलू की नको?"

"मुळीच बोलू नकोस," ताई मध्येच म्हणाली. "आधी नोकरी पदरात पडू दे. मग तिकडे गेल्यावर सांग, आजी एकाएकी आजारी पडली म्हणून."

बाहेरच्या खोलीत सासूबाई वाती वळीत होत्या. कान अजून शाबूत आहेत त्यांचे. तिथूनच त्या म्हणाल्या, "मला कशाला गं आजारी पाडतेस? खरेच पडले म्हणजे?"

ताई गप्प. मीही जरा वेळ गप्पच होतो, पण माझे कारण निराळे होते.

१९७८ साली मी असाच गप्प बसलो होतो. आईच्या माहेरी, गोव्यात, माझ्या मामेबहिणीचे मे महिन्यात लग्न होते. त्या काळी भाऊच्या धक्क्यावरून पणजीची बोट सुटे. आईला बोट लागायची, एकटीने जायची तिची छाती नव्हती, म्हणून आम्हां दोघांची तिकिटे मी काढून ठेवली होती. इतक्यात नोकरीची मुलाखत आली. साहेबांनी विचारले, "कधीपासून येता?" मी म्हटले, "म्हणाल तेव्हा!" किती रुबाबात म्हटले म्हणून सांगू! रुजू झालो, आणि तिसऱ्या आठवड्यात चाचरत चाचरत रजेचा अर्ज पुढे केला. साहेबांनी तो वाचला. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "त्या दिवशी बोलला असतात, तर मी तुम्हांला पंधरा दिवसांनी बोलावले असते. माझे काही अडले नव्हते. आता काम तुमच्या नावावर लावून बसलोय."

आई शेजारच्या काकूंबरोबर गेली. परत आल्यावर लग्नाच्या सगळ्या हकीकती तिने सांगितल्या. बोटीत काय हाल झाले ते मात्र काकूंकडून कळले. त्या नोकरीत मी पुढे पुष्कळ वर्षे काढली. पण "म्हणाल तेव्हा" हे दोन शब्द आठवले, की अजून जीभ चावावीशी वाटते.

म्हणून मी भाचीला सांगितले, की बोलायचे, पण कधी ते नीट पाहा. माझे एक स्नेही आयुष्यभर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. माणसे नेमण्याचेच त्यांचे काम. ते म्हणतात, की उमेदवार खोलीत शिरल्याशिरल्या रजेचे बोलू लागला तर आमचे कान टवकारतात, कारण अजून त्याला घ्यायचे की नाही हेच ठरलेले नसते. घ्यायचे ठरले आणि "कधी येता?" असा प्रश्न आला, की तीच वेळ. त्या क्षणी कंपनीला तुम्ही हवे असता, आणि तुम्ही अजून होकार दिलेला नसतो. आधीच कुणी सरळ विचारले तर मात्र तिथेच खरे सांगून टाकावे. आणि हिशेबखात्यात जाणाऱ्याने मार्चअखेरची तिकिटे काढून ठेवली असतील, तर नकाराची तयारी ठेवूनच तोंड उघडावे. तिथे साहेबाचा काय दोष?

दुसरी गोष्ट पैशाची. नव्या माणसाचे रजेचे खाते रिकामे असते, हे घरातल्या मंडळींच्या ध्यानात येत नाही. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याने वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा दिली आहे, पण तीही तिमाहीच्या हिशेबाने जमा होते. म्हणजे तीन महिन्यांना दोन दिवस. हक्काची मोठी रजा दर २० दिवसांच्या कामाला एक दिवस, पण ती वर्षात २४० दिवस काम भरल्यावर, आणि तीसुद्धा पुढच्या वर्षी! काही कंपन्या याहून उदार असतात. तरी भाचीला म्हटले, बिनपगारी रजा मागण्याच्या तयारीनेच जा. फुकट काही मागत नाही म्हटल्यावर माणसाचा आवाज आपोआप सरळ होतो.

पहिल्या मुलाखतीत ती बोलली नाही. दुसऱ्या वेळी साहेबांनी "कधीपासून येता?" म्हणताच तिने सांगितले, "भाऊबीजेनंतर लगेच येते. पण आजीला काशीला न्यायचे आहे, तिकिटे गणपतीतच काढली आहेत. कामाचे सहा दिवस लागतील, बिनपगारी चालतील." शिवाय महानगरी एक्स्प्रेस मध्यरात्र उलटल्यावर सुटते, तेव्हा आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत काम करूनच निघेन, हेही सांगितले. (हे मात्र तिचे तिलाच सुचले.)

साहेबांनी कॅलेंडर पाहिले, जरासे तोंड वाकडे केले, आणि म्हणाले, "बरे. पण त्याआधी शिकायचे ते सगळे शिकून घ्या." मी तिला बजावले होतेच, की तोंडी "बरे" पुरेसे नाही. घरी येऊन तिने तारखा घालून ई-मेल पाठविली. नेमणूकपत्र आले, त्यात या रजेची एक ओळ होती. ती वाचल्यावरच तिने जुन्या जागी राजीनामा दिला. तोवर ताईच्या जिवाला घोर! "उगीच बोललीस, उगीच बोललीस," हा तिचा जप चार दिवस चालला होता.

पौर्णिमेच्या संध्याकाळी त्यांनी गंगेत नाव केली. घाटामागून घाट उजळत चालले होते. ताई सांगते, सासूबाई पुष्कळ वेळ काही बोलल्याच नाहीत. मग नातीला हळूच विचारले, "का गं, तुझा आजचा पगार कापणार ना?"

"हो आजी."

"किती?"

भाचीने आकडा सांगितला. आजींनी तो मनाशी दोनदा म्हटला, शाल नीट लपेटून घेतली आणि नाववाल्याच्या दिशेने बोट करून म्हणाल्या, "मग त्याला सांग, आणखी एक फेरी मार."