‘गुण आला’ म्हणजे नेमके काय झाले?

“देवऋषीकडे नेलं आणि आठ दिवसांत गुण आला.” सातारा-सांगली भागातल्या डॉक्टरला हे वाक्य नवे नाही. त्यापुढचे वाक्यही ठरलेले असते : “पण आता परत सुरू झालंय.”

तुम्ही खोटे बोलत नाही. आठ दिवसांत बरे वाटले, हे खरेच आहे. चुकतो तो त्याचा लावलेला अर्थ.

मनाचे अनेक आजार चढ-उताराचे असतात. नैराश्य किंवा उन्मादाचा झटका काही काळाने आपोआपही ओसरू शकतो. तुम्ही देवऋषीकडे कधी जाता? त्रास अगदी टोकाला गेल्यावर. टोकानंतर बहुधा उतारच येतो, आणि त्याचे श्रेय अंगाऱ्याला जाते. ‘आता बरे वाटेल’ या अपेक्षेनेही काही काळ हलके वाटते. शिवाय आपली स्मरणशक्ती पक्षपाती आहे. गुण आलेला एक शेजारी आपल्या लक्षात राहतो, न आलेले दहा विसरले जातात.

साप चावल्यावर मांत्रिकाला यश येते तेही असेच. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, त्यामुळे मंत्र म्हटला काय अन् न म्हटला काय, माणूस वाचतोच. पण चावलेला साप नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे असेल, तर मंत्रात गेलेला वेळ जिवावर बेततो.

“मग तुमच्या गोळ्यांनाही हेच लागू नाही का?” प्रश्न रास्त आहे. म्हणूनच औषध तपासताना रुग्णांचे दोन गट करतात. एका गटाला खरे औषध देतात, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पहिल्या गटाला स्पष्टपणे जास्त फायदा झाला, तरच औषध खरे मानतात. कोणत्या देवऋषीने अशी परीक्षा दिली आहे?

यात भोगतो तो रुग्ण. स्किझोफ्रेनियात उपचार जितके लांबतात, तितके सावरणे अवघड होते. घरातला तरुण एकटाच बोलतो, कुणीतरी मारायला टपले आहे म्हणतो, आणि आपण अमावास्या मोजत बसतो!

मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा आता गुन्हा आहे. पण न मारता, गोड बोलून वर्ष वाया घालवणाऱ्यापासून कायदा तुम्हाला किती वाचवणार? तिथे तुम्हालाच विचार करावा लागेल.

देवाला जरूर जा. नवस बोला, नारळ फोडा. तुमच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. पण कुणी ‘गोळ्या बंद करा’ म्हणाले, तर तिथून उठा. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. कुठे जावे कळत नसेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते.

आणि पुढच्या वेळी कुणी ‘गुण आला’ म्हणाले, तर एवढेच विचारा : किती जणांना नाही आला?