थेंब किती आणि कुणाला?

माझा भाचा पाच महिन्यांचा असताना त्याला सर्दी झाली. ताईने पुस्तक उघडलं. सुगंधोपचाराचं ते पुस्तक महिनाभरापूर्वी मीच तिला एका प्रदर्शनातून आणून दिलं होतं, त्यामुळे या लेखातला थोडा राग स्वतःवरचाही आहे. पुस्तकात ‘सर्दी’पुढे लिहिलं होतं : निलगिरी, पुदिना, कापूर. उशीवर दोन-तीन थेंब. कुणाच्या उशीवर, किती वयाच्या, ते नव्हतं. ताईने दोनच टाकले, ती जपून वागणारी बाई आहे. थोड्या वेळात बाळ श्वास घेताना विचित्र आवाज करायला लागलं. रिक्षा, दवाखाना, ऑक्सिजन. बालरोगतज्ज्ञांचा पहिला प्रश्न होता, “नाकाजवळ काही लावलंत का?”

भाचा आता पहिलीत आहे आणि झोपेतसुद्धा बडबडतो. पुस्तकही मजेत आहे. परवा ते नव्या मुखपृष्ठासह पुन्हा दिसलं.

त्यानंतर मी या विषयावरची पुस्तकं मिळतील तिथे चाळत गेलो. मराठी, हिंदी, इंग्रजी, कागदी, ई-बुक. बहुतेकांचा साचा एकच. आधी इजिप्त आणि क्लिओपात्रा, मग एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, मग तेलांची ओळख, आणि शेवटी ज्यासाठी पुस्तक खपतं ती रोगांची यादी. अंगदुखीपासून हृदयविकारापर्यंत प्रत्येकापुढे तीन तेलांची नावं. माझं भांडण या यादीशी आहे. आपण दुकानात पुस्तक हातात घेतो, आपला आजार त्या यादीत शोधतो, सापडला की पैसे देतो. प्रकाशकाला हे ठाऊक असतं, म्हणून यादी दर आवृत्तीला वाढते आणि कुणी काय वापरू नये याची पानं आक्रसत जातात. भाच्याच्या पुस्तकात त्याला अर्धं पान होतं. त्यातही ‘गर्भवतींनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ एवढंच.

तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ म्हणजे रेने-मॉरिस गॅटफोसे. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द त्याने रूढ केला, १९३७ साली त्याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्याची गोष्ट सगळे सांगतात : प्रयोगशाळेत हात भाजला, त्याने तो शेजारच्या लॅव्हेंडरच्या पिंपात बुडवला, आणि चमत्कार! त्याने स्वतः लिहिलेलं वेगळंच आहे. १९१० सालच्या त्या स्फोटानंतर त्याच्या जखमा चिघळल्या, गँगरीन सुरू झालं, आणि तेव्हा लॅव्हेंडरच्या अर्काने धुतल्यावर ते थांबलं, असं तो म्हणतो. म्हणजे एका रसायनशास्त्रज्ञाने विचार करून केलेला उपाय. योगायोगाने सापडलेलं पिंप त्यात नाही. त्याच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १९९३ पासून मिळतं. त्यानंतर लिहिलेल्या पुस्तकातही पिंपाची गोष्ट असेल तर लेखकाने मूळ पुस्तक उघडलेलं नाही. मग निलगिरीबद्दल त्याने काय उघडून पाहिलं असेल?

दुसरा घोळ याहून वाईट आहे. फ्रान्समध्ये ज्याँ वाल्ने नावाच्या लष्करी डॉक्टरने १९६४ साली ग्रंथ लिहिला. त्याच्या परंपरेत तेलं पोटातही देतात, पण देणारा डॉक्टर असतो. इंग्लंडमध्ये मार्गरीत मोरीमुळे रुजलेली पद्धत मसाजची, भरपूर पातळ केलेल्या तेलाची. आपली पुस्तकं फ्रेंचांचं पोटात घेणं उचलतात, इंग्रजांचं घरच्या घरी करणं उचलतात, आणि मधला डॉक्टर गाळून टाकतात.

याचा परिणाम काय होतो ते विंटरग्रीनवरून बघा. आपल्याकडे गंधपुरा तेल म्हणून मिळतं, गुडघेदुखीवर चोळतात. जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट. चहाचा एक चमचा पोटात गेला तर साधारण वीस-बावीस अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या गिळल्यासारखं. लहान मुलाचा त्यात जीव जाऊ शकतो. माझ्याकडच्या एका पुस्तकात हे तेल ‘सांधेदुखीवर रामबाण’ आहे. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, हे कुठेच नाही.

“पण आमची आजीसुद्धा ओव्याची पुरचुंडी बांधायची,” असं इथे कुणीतरी म्हणणारच. बांधू दे. शंभर ग्रॅम ओव्यातून जेमतेम दोन-चार ग्रॅम तेल निघतं. म्हणजे दहा मिलिलिटरच्या त्या गोंडस बाटलीत पाव ते अर्धा किलो ओवा कोंबलेला आहे. आजीने कधी नातवाला अर्धा किलो ओवा हुंगवला नाही. घरचा मसाला आणि कारखान्यातला अर्क एकच मानणारं पुस्तक आजीच्या नावावर आपला माल खपवतं.

“पुस्तकं वाचतं कोण, आम्ही रील बघतो,” हाही आक्षेप ऐकलाय. रीलवाले याच पुस्तकांच्या याद्या वाचून दाखवतात. २०२१च्या एप्रिलमध्ये, माणसं ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी वणवण करत असताना, कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीची पोटली हुंगली की ऑक्सिजनची पातळी वाढते, असा मेसेज घरोघरी फिरला. ती वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. त्याच वर्षी दक्षिण भारतातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फिट आलेल्या ३५० रुग्णांपैकी ५५ जणांच्या फिटचा संबंध त्यांना अशा तेलांशी जोडता आला, मुख्यतः निलगिरी आणि कापूर. बाम, तेल, वाफारा, सगळं आपल्या कपाटातलं. फिट येणाऱ्यांनी या दोन्हींपासून लांब राहावं, हे वाक्य मी मराठी पुस्तकांत शोधत होतो. अजून शोधतोय.

हे सगळं थोतांड आहे असंही मी म्हणत नाही. तसं म्हणणारे मित्र मला तितकेच आळशी वाटतात. १९९० साली ऑस्ट्रेलियात पाच टक्के टी-ट्री जेलची तुलना मुरमांच्या नेहमीच्या औषधाशी झाली. टी-ट्रीने फरक पडला, पण हळू, आणि त्रास कमी झाला. पोटातल्या मुरड्यावर पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल डॉक्टर देतात, पण त्या आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या असतात. किती टक्के, कशात, कुणाला, किती दिवस, हे सगळं सांगितलं की सुगंधावर बोलता येतं.

म्हणून दुकानात उभ्या उभ्या मी आता हिशेब करतो. तीस मिलिलिटर तेलात साधारण सहाशे थेंब मावतात. दोन टक्के म्हणजे बारा थेंब. पुस्तकात ‘सहा थेंब घ्या’ लिहिलंय आणि ते कशात मिसळायचे, हे लिहिलेलं नाही? पुस्तक परत फळीवर. लिंबू किंवा बर्गमॉटचं तेल लावून उन्हात जाऊ नका, त्वचा भाजते, हे नाही? परत फळीवर. मोगऱ्याचं ‘शुद्ध वाफेवर काढलेलं’ तेल? मोगऱ्याला ती वाफ सोसत नाही, त्याचा अर्क द्रावक वापरून काढतात. लेखकाने भट्टी लांबूनही पाहिलेली नाही. परत.

आणि नावं! ‘लॅव्हेंडर’ म्हणजे कुठलं? एका जातीत कापूर जवळजवळ नसतो, दुसरीत भरपूर. ‘तुळस’ म्हणजे वृंदावनातली की पास्त्यावरची? शास्त्रीय नाव नसलेलं पुस्तक म्हणजे औषधाचं नाव न लिहिलेली चिठ्ठी. एका मराठी भाषांतरात ‘पामारोसा’वर चार पानं आहेत, जणू हे परदेशातलं काही अद्भुत फूल आहे. ही आपली तिखाडी, रोशा गवत. खानदेश आणि निमाडच्या रानात काढलेलं तिचं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानला जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. खानदेशातल्या वाचकाला त्याच्याच बांधावरचं गवत ‘पामारोसा’ म्हणून विकणारा भाषांतरकार सुरक्षिततेचं प्रकरण तरी नीट वाचून भाषांतरित करेल, यावर मी का विश्वास ठेवू?

आत्तापर्यंत हाताळलेल्यांत मला पटलेलं पुस्तक म्हणजे रॉबर्ट टिसेरँड आणि रॉडनी यंग यांचं ‘इसेन्शियल ऑइल सेफ्टी’, २०१४ची दुसरी आवृत्ती. जाडजूड, महाग, आणि वाचायला रेल्वेच्या वेळापत्रकासारखं. त्यात कुठल्या तेलाने काय बरं होतं हे जवळजवळ नाहीच. कुठलं तेल किती टक्क्यांच्या वर नको, कुठल्या औषधाबरोबर नको, किती वयाखाली नको, हे आहे. ग्रंथालयाला मागवायला सांगा, चार मैत्रिणी मिळून घ्या. मराठीत असं पुस्तक माझ्या हाती आलेलं नाही. आयुर्वेदाची, औषधनिर्माणशास्त्राची इतकी महाविद्यालयं असलेल्या राज्यात ते कुणाला लिहावंसं वाटू नये?

ताईने ते जुनं पुस्तक रद्दीत घालू दिलं नाही. रद्दीतून ते आणखी कुणाच्या तरी हाती लागेल, म्हणाली. ‘सर्दी’च्या पानावर तिने लाल पेनने भाच्याचं तेव्हाचं वय लिहिलंय आणि त्याखाली दवाखान्याचं बिल चिकटवलंय. घरी कुणी बाळ घेऊन आलं की ती आधी ते पान दाखवते, मग चहा टाकते.