घोडा हट्टी नाही, त्याला दात येतायत!

लग्नसराई सुरू झाली की आमच्या चांदवडात एक वाक्य हमखास कानावर येतं, "नवं जनावर आहे, लगामाला खोड्या करतं." घोडी मान झटकते, तोंड वासते, जिभेने लोखंड ढकलत राहते. मग मालक लगाम आवळतो, नाकावरचा पट्टा घट्ट करतो आणि म्हणतो, बघा, आली लायनीवर! माझं स्पष्ट मत, हा शुद्ध अडाणीपणा आहे आणि तो अनुभवाच्या नावाखाली खपवला जातो.

गंमत बघा. जवळच येवल्याचा घोडेबाजार. तिथे गिऱ्हाईक आधी ओठ वर करून दात बघतं. पुढचे दोन पक्के दात साधारण अडीच वर्षांना, चार साडेतीनला, सहा साडेचारला. त्यावरून वय, वयावरून भाव. आता हेच गणित जरा पुढे न्या ना! याच काळात मागच्या दुधाच्या दाढाही हलून पडत असतात. नराला चार-पाच वर्षांना सुळे फुटतात. काहींना पहिल्या दाढेपुढे एक छोटासा बिनकामाचा दात असतो, त्याला कडी लागली की कळ. आणि नेमक्या याच वयात आपण तोंडात लोखंड घालतो. भाव करताना जे तोंड एवढं निरखलं, ते लगाम चढवताना बघायचं कुणाला सुचत नाही!

बरं, कडी टेकते कुठे? जिभेवर, आणि पुढचे दात व दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर. तिथे पातळ थराखाली थेट हाड. शिवाय 'ओढलं म्हणजे थांब' हे शिंगरू आईच्या पोटातून शिकून येत नाही. थांबल्याक्षणी ओढ सैल झाली तरच त्याला अर्थ लागतो. वरातीत घोडी उभी, डीजे चालू, आणि लगाम ताणलेलाच. तिने काय समजायचं?

आमच्या धंद्यात सर्व्हरचा अलार्म वाजल्यावर नुसता अलार्म बंद करणाऱ्याला कुणी एक्स्पर्ट म्हणत नाही. पट्टा आवळणं म्हणजे तेच.

सगळंच चघळणं ही तक्रार नसते, हे मान्य. मिटल्या तोंडाने, मान सैल सोडून हळूहळू चघळणारा घोडा बहुधा ठीक असतो. मान उडवणारा, जीभ कडीवर घेणारा घोडा काहीतरी सांगतोय.

"आणि गर्दीत उधळला तर?" प्रश्न रास्त आहे. पण घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी. दुखलं की तो पळणारच. दुखऱ्या तोंडावर जास्त जोर लावणं ही सुरक्षा नव्हे, धोका आहे. काटेरी लगामाला तर १९६५ च्या केंद्रीय नियमांनीच बंदी आहे.

तेव्हा मंडळी, वरात असो की माथेरानचा वीकेंड, पैसे आपण मोजतो. वय विचारा. दात डॉक्टरांना दाखवले का, विचारा. कडी हातात घेऊन बघा, गुळगुळीत आहे की टोकदार. कोवळं जनावर तोंड वासत असेल तर सरळ नाही म्हणा. नवरदेव चालत गेला म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही, राव!