थिबा राजवाड्यात अम्मींसोबत

मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही मुलांना घेऊन मांडवीला जातो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आमच्या सासऱ्यांचं जुनं कौलारू घर आहे. अब्बांचा इंतकाल झाल्यापासून तिथे अम्मी एकट्याच राहतात. गुडघे दुखतात, रात्री वीज गेली की काळजी वाटते, पावसाळ्यात कौलं गळतात. म्हणून या वेळी आम्ही ठरवूनच गेलो होतो की घराला कुलूप लावायचं आणि अम्मींना कायमचं मुंब्र्याला आणायचं. पोहोचल्याच दिवशी जेवताना तसं सांगूनही टाकलं. अम्मी काही बोलल्या नाहीत. मुलांच्या ताटात आणखी एक घावन वाढलं आणि उठून आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी मुलं कंटाळली. समुद्र झाला, जेट्टीवरची भेळ झाली, आंबे खाऊन झाले. मग थिबा राजवाडा बघायचं ठरलं. आम्हाला वाटलं अम्मी नाही म्हणतील. पण त्याच म्हणाल्या, "मीही येते. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून बाहेरूनच बघतेय." पन्नास वर्षं गावात राहून त्यांनी राजवाड्यात पाऊल ठेवलं नव्हतं. आपल्या गावातल्या गोष्टींचं असंच होतं, नाही का?

रिक्षाने दहा मिनिटांत आम्ही पोहोचलो. जांभ्या दगडाची लालसर भिंत, उतरतं छप्पर, अर्धगोल खिडक्यांवर सागवानी नक्षी आणि रंगीत काचा. १९१० साली इंग्रज सरकारने हा वाडा बांधून पूर्ण केला, तो ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला ठेवण्यासाठी. आता इथे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. राजाच्या वापरातल्या काही वस्तू आणि जुन्या मूर्ती मांडून ठेवल्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या दालनात संगमरवरी फरशी आहे. मुलं तिच्यावर अनवाणी चालून बघत होती.

मोठ्याने विचारलं, "राजा होता तर मग इथे का आला?" आम्ही त्याला जमेल तसं सांगितलं. ब्रह्मदेशात सागवानाची मोठी जंगलं होती. तिथे व्यापार करणाऱ्या एका इंग्रज कंपनीवर थिबाच्या दरबाराने दंड बसवला. इंग्रजांना तेवढं निमित्त पुरलं. नोव्हेंबर १८८५ मध्ये लढाई सुरू झाली आणि दोन-तीन आठवड्यांत संपलीही. मंडालेच्या महालातून राजा-राणीला बाहेर काढून आगबोटीवर चढवलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. रेल्वे नाही, आपली माणसं नाहीत, अशा आडबाजूच्या गावी त्याला मुद्दाम ठेवलं. चार मुलींपैकी धाकटी तर रत्नागिरीतच जन्मली. पेन्शन पुरेना म्हणून जडजवाहीर विकायची वेळ आली. तीस वर्षांत त्याला मायदेश पुन्हा दिसला नाही. या नव्या वाड्यातही तो जेमतेम सहा वर्षं राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये वारला. राणी सुपयालतला त्याचा देह ब्रह्मदेशी न्यायचा होता. सरकारने नेऊ दिला नाही. शेवटी १९१९ साली रत्नागिरीतच त्याचं दफन झालं. शिवाजीनगर भागात ती कबर आजही आहे.

"म्हणजे आपल्या बहादुरशाह जफरसारखंच," आमची मुलगी म्हणाली. पोरीने बरोबर धरलं होतं. दिल्लीच्या बादशहाला १८५८ मध्ये रंगूनला नेलं. १८६२ मध्ये तो तिथेच गेला, आणि त्याची कबर कोणाला सापडू नये अशी व्यवस्था करण्यात आली. ती नेमकी जागा १९९१ साली खोदकाम करताना सापडली. त्याची बेगम जीनत महल हिनेही रंगूनलाच अखेरचा श्वास घेतला, १८८६ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी ब्रह्मदेशाचा राजा आपल्या कोकणात उतरला, त्याच वर्षी. इथला बादशहा तिकडे, तिथला राजा इकडे.

अम्मींना मात्र राजापेक्षा त्याच्या थोरल्या राजकन्येची हकीकत जास्त लागली. वाड्यावर नोकरीला असलेले गोपाळ सावंत यांच्यापासून तिला मुलगी झाली, टूटू. १९१९ मध्ये राजघराणं ब्रह्मदेशी परतलं, पण ही राजकन्या लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली. हलाखीत दिवस काढून १९४७ मध्ये इथेच वारली. टूटू मराठी बोलत, कष्ट करत, इथेच संसार करून २००० साली गेली. राजाची नात, पण गावाने तिला गावातलीच मानलं. अम्मी म्हणाल्या, "टूटूला मी बाजारात बघितलंय. राजाची नात आहे असं लोक सांगायचे. आम्हाला काय, चार बायकांसारखी बाई."

मग त्या वरच्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. तिथून भाट्याची खाडी दिसते, पूल दिसतो, पलीकडे उघडा समुद्र. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही म्हटलं, "अम्मी, चला, पाय दुखतील." तेव्हा खाडीकडे बघतच म्हणाल्या, "केवढा वाडा दिला रे त्याला. पण तुला कुठे राहायचंय, हे कोणी विचारलं नसेल."

त्या राजाबद्दलच बोलत होत्या. निदान सूर तरी तसाच होता. पण परत येताना रिक्षात आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघू शकलो नाही.

त्या रात्री मुलं झोपल्यावर आम्ही अम्मींच्या खाटेजवळ बसलो आणि जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं. सुरुवातीला "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच. मग हळूहळू मोकळ्या झाल्या. अब्बांची कबर इथे आहे, जुम्माच्या दिवशी मुलगा-नातू कोणी नसलं तरी शेजारचा पोरगा फातिहा पढून येतो. शेजारणी दुपारी येऊन बसतात. मासळीवाली न विचारता त्यांच्या आवडीची मासळी ठेवते. मुंब्र्याला चौथ्या मजल्यावर दार बंद करून बसायचं, खाली उतरायचं तर कोणीतरी धरायला हवं. "तुमच्याकडे मला काही कमी पडणार नाही, ते ठाऊक आहे. येईन मी. पण घराला कुलूप लावू नका."

शेवटी मशवरा होऊन असं ठरलं: पावसाळ्याचे चार महिने अम्मी आमच्याकडे, उरलेले आठ मांडवीला. कौलं या दिवाळीत बदलायची. रात्री सोबतीला शेजारची एक विद्यार्थिनी झोपायला येईल. गुडघ्यांचं दुखणं यातून सुटलेलं नाही, आमची काळजीही पूर्ण गेलेली नाही. पुढे कदाचित वेगळं ठरवावं लागेल. पण ते अम्मींना विचारून.

वाचक भाई-भगिनींनो, आपल्यापैकी कित्येकांची मुलं मुंबईला, कुवेतला, दुबईला आहेत आणि घरी म्हातारी माणसं एकटी आहेत. त्यांना जवळ आणावं असं वाटणं चांगलंच आहे. पण चांगल्या हेतूनेही आपण त्यांचं घर त्यांच्या हातून काढून घेतो, याचा विसर पडतो. निर्णय सांगण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसा, विचारा, आणि उत्तर यायला वेळ द्या.

आणि रत्नागिरीला गेलात तर थिबा राजवाडा जरूर बघा. उघडण्याची वेळ आधी विचारून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सोबत न्या. मुलांना आपण इतिहास सांगतो; त्यांच्या दादी-नानीने तो बाजारात चालताना बघितलेला असतो.